चवदार तळे आणि शाळेची भिंत



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते तेव्हा आपण आपल्या चळवळीतील एखाद्या लढ्याची आठवण काढतो. यंदा आम्ही जी आठवण काढणार आहोत तिचे निमित्त अगदी साधे आहे. ते निमित्त म्हणजे शाळेची भिंत.

मागील वर्षी वर्षावासात एका रात्री ग्रंथवाचन संपले. चहा झाला. मंडळी उठायच्या बेतात असताना वस्तीतील एक माउली म्हणाली, "शाळेच्या भितीवर श्लोक लिहिल्यात. पोरगी रोज सकाळी त्येच्यापुढं हात जोडून उभी ऱ्हाती आन् घरी आल्यावर मला इचारती, आई, आपला देव कंचा? मी तिला काय सांगू?" झाले! तरुण मंडळी तापली. एकजण म्हणाला, "त्यांचे श्लोक आहेत ना? मग आपले त्रिसरण-पंचशीलही लागले पाहिजे. जिल्हा परिषदेची शाळा काय एकट्याची आहे? बोर्डाचा खर्च सरकारने करू नये, आपण वर्गणीतून करू." तिथल्या तिथे अर्ज लिहिला गेला, सह्याही सुरू झाल्या.

कोपऱ्यात बसलेले आमचे एक वयोवृद्ध उपासक, ज्यांना सारी वस्ती तात्या म्हणते, ते एवढा वेळ गप्प होते. त्यांच्यापुढे कागद आला तेव्हा ते म्हणाले, "सही करतो, पर आधी एक सांगा. बाबासायब चवदार तळ्यावर कशाला गेलं हुतं? आपल्यासाठी दुसरं तळं मागाया?"

कुणाला उत्तर सुचले नाही. अर्ज त्या रात्री तसाच राहिला. पुढे आम्ही जमेल तेवढी पुस्तके चाळली, जाणत्या माणसांशी बोललो, आणि जे हाती लागले ते या लेखात मांडत आहोत.

शाळेत पैसा कुणाचा?

सरकारी शाळेत धर्म शिकवावा की नाही, हा प्रश्न आजचा नाही. इंग्रजी अमदानीत १८५४ साली शिक्षणाविषयीचा प्रसिद्ध खलिता विलायतेहून आला. त्याला वुडचा खलिता म्हणतात. राज्यकर्ते स्वतः ख्रिस्ती होते, मनात आणले असते तर प्रत्येक शाळेत बायबल लावले असते. पण त्या खलित्यात स्पष्ट म्हटले होते की, सरकारी शाळा साऱ्या लोकांसाठी आहेत, म्हणून त्यांतले शिक्षण धर्माशिवायच असले पाहिजे. बायबल ग्रंथालयात असेल, ज्याला वाचायचे त्याने ते आपखुशीने वाचावे. यात राज्य सांभाळण्याची हुशारी होती हे खरे, तरी तत्त्व मात्र कागदावर आले.

दोनच वर्षांनी या तत्त्वाची परीक्षा झाली. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. धारवाड त्या वेळी मुंबई इलाख्यात होते. त्या मुलाला नकार मिळाला. प्रकरण वरपर्यंत गेले, आणि अखेर १८५८ साली मुंबई सरकारला जाहीर करावे लागले की, ज्या शाळांचा संपूर्ण खर्च सरकार करते, त्या शाळा कोणताही भेद न करता सर्व प्रजेला खुल्या राहतील. 'संपूर्ण खर्च सरकार करते' हे शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत. पुढे ते पुन्हा भेटणार आहेत.

महात्मा जोतीराव फुले यांचे मूळ घराणे आपल्याच सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. त्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यातही हाच धागा आहे. सरकारच्या तिजोरीत पैसा येतो तो कष्टकरी रयतेचा, आणि शिक्षणावर खर्च होतो तो वरच्या वर्गावर, हा अन्याय आहे, असे त्यांनी बजावले. पैसा ज्याचा, हक्क त्याचा, एवढे हे सरळ गणित होते.

दार उघडले, पण आत?

कायद्याने दार उघडले म्हणजे सारे झाले, असे समजायचे कारण नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये एका मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टरला क्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. ही शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते, आणि २०१७ पासून हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळा सरकारी होती, १८५८ चा ठराव होऊन बेचाळीस वर्षे लोटली होती. तरीसुद्धा त्या मुलाला बसायला घरून गोणपाट न्यावे लागे आणि संध्याकाळी ते परत आणावे लागे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचे, शिपाई नसला तर पाणी नाही. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

पुढे मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये गुरुजींनी त्यांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले, तर फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळतील म्हणून मुलांनी धावत जाऊन ते उचलले, अशी आठवण त्यांच्या चरित्रात येते. त्यांना संस्कृत शिकायचे होते, ते नाकारले गेले आणि पर्शियन घ्यावी लागली. ज्या भाषेतले श्लोक आज भिंतीवर रंगवून मुलांकडून म्हणवून घेतले जातात, ती भाषा शिकण्याची वाट आपल्या बापाला बंद होती. हे आम्ही रागाने लिहीत नाही. पण आमच्या पोरीबाळींना हात जोडायला लावणाऱ्यांनी हा इतिहास एकदा वाचावा, एवढीच अपेक्षा आहे.

या अंधारात दिवे लावणारी माणसेही होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून साऱ्या मुलांना एका शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी आपल्या शेजारच्या कराड तालुक्यात, काले या गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातीधर्मांची मुले एकत्र राहात, एकत्र रांधत आणि एका पंगतीला जेवत. आमच्या भागातली कितीतरी घरे त्या भाकरीवर शिकून उभी राहिली.

तळे

आता तात्यांच्या प्रश्नाकडे येऊ. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कोर्टकचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव होता. म्हणजे तळे आणि शाळा ही दोन्ही एकाच ठरावात होती! महाड नगरपालिकेने त्याप्रमाणे १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले, पण ते कागदावर. म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले.

विरोधकांनी दावा लावला. तळे आमच्या खाजगी मालकीचे आहे, पूर्वापार वहिवाट आमची आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दहा वर्षे खटला चालला, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने ते म्हणणे फेटाळले.

यातून काय शिकायचे? बाबासाहेबांनी 'आमच्यासाठी निराळे तळे बांधून द्या' असे म्हटले नाही. 'तळ्याचा एक कोपरा आमच्या नावावर करा' असेही म्हटले नाही. जे सार्वजनिक आहे ते सर्वांचे, त्यावर कुणा एकाच्या धर्माचा शिक्का चालणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. शाळेची भिंत ही त्या तळ्यासारखीच आहे. त्यांच्या श्लोकाशेजारी आपले पंचशील लावले म्हणजे तळे खुले होत नाही, त्याच्या फक्त वाटण्या होतात. आज दोन वाटण्या, उद्या चार. ज्या समाजाची चार घरे आहेत त्याला भिंतीवर वीतभर जागा, आणि ज्याचे एकच घर आहे त्याच्या पोराला काहीच नाही.

घटनेत बाबासाहेबांनी काय केले?

७ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत सरकारी शाळांमधील धार्मिक शिक्षणाच्या कलमावर चर्चा झाली. मसुद्यात ते बाविसावे कलम होते. काही सभासदांना शाळेत धर्मशिक्षण हवे होते. बाबासाहेबांनी जी उत्तरे दिली, त्यांचा सारांश आम्ही आमच्या शब्दांत देतो. पहिले असे की, एखाद्या धर्मासाठी कर बसवायचा नाही असे आपण ठरवतो, मग करातून जमलेला पैसा धर्मशिक्षणावर कसा खर्च करायचा? दुसरे असे की, या देशात धर्म आणि पंथ इतके आहेत की सर्वांना शाळेत समान जागा देणे शक्यच नाही. आणि तिसरे, आपलीच वाट खरी असे सांगणारे धर्म एका वर्गात आणले तर शाळेची शांतता बिघडेल.

तेच कलम आज घटनेचे अठ्ठाविसावे कलम आहे. जी शिक्षणसंस्था पूर्णपणे राज्याच्या पैशातून चालते, तिच्यात कोणतेही धार्मिक शिक्षण दिले जाणार नाही, असे ते सांगते. १८५८ च्या ठरावातले शब्द आठवले ना? धारवाडच्या त्या पोरासाठी जे दार उघडले, त्याच मापाने बाबासाहेबांनी आतली भिंतही मोकळी केली. याच कलमाचा तिसरा भाग सरकारमान्य व अनुदानित शाळांसाठी आहे. तिथे कुणालाही धर्मशिक्षणात किंवा उपासनेत त्याच्या संमतीशिवाय भाग घ्यायला लावता येत नाही, आणि मूल अज्ञान असेल तर त्याच्या पालकाची संमती लागते. म्हणजे त्या माउलीची संमती! हे आपल्या आयाबहिणींना माहीत असायला हवे.

आणखी एक गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. घटना लिहिणाऱ्या माणसाच्या मनात बुद्ध धम्म तेव्हाही होता. पण त्यांनी घटनेत धम्मासाठी खास जागा मागितली नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी धम्म स्वीकारला तो स्वतःच्या मनाने आणि आपल्या लोकांसह. त्यासाठी सरकारी हुकमाची गरज लागली नाही.

"आम्ही वर्गणीतून लावू"

आमच्या तरुणांचा मुद्दा होता की खर्च आपण करू, मग हरकत कसली? नेमका हाच मुद्दा सातासमुद्रापार एका कोर्टात येऊन गेला आहे. अमेरिकेत केंटकी नावाचे राज्य आहे. तिथे प्रत्येक सरकारी शाळेच्या वर्गात बायबलमधील दहा आज्ञांची पाटी लावावी असा कायदा झाला. पाट्या खाजगी देणग्यांतून आणल्या होत्या, आणि हा धर्मप्रचार नव्हे अशा अर्थाची बारीक अक्षरातली टीपही खाली छापली होती. १९८० साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने तो कायदा रद्द केला. पैसा देणगीचा असला तरी पाटी सरकारच्या नावाने, सरकारच्या भिंतीवर लागते, आणि तिचा हेतू धार्मिकच आहे, असे कोर्टाने म्हटले. तरी हट्ट संपला नाही. २०२४ साली लुइझियाना राज्याने पुन्हा तसाच कायदा केला आणि पुन्हा पालक कोर्टात गेले. त्या पालकांत ख्रिस्ती पाद्रीही होते! आपलाच ग्रंथ, पण सरकारने तो आमच्या मुलांवर लादू नये, असे म्हणणारी माणसे त्या धर्मातही आहेत.

आपल्या महाराष्ट्रात २०१८ साली मुंबई भागातील शंभर महाविद्यालयांना भगवद्गीतेचे संच वाटण्याचे परिपत्रक निघाले, तेव्हाही 'संच फुकट आले आहेत' हेच उत्तर देण्यात आले. फुकट मिळाले म्हणून काय झाले? प्रश्न पैशाइतकाच शिक्क्याचाही आहे. ग्रंथ सरकारच्या हातून आला की तो नुसता ग्रंथ राहात नाही, त्याला हुकमाचे वजन येते.

अलीकडची दोन प्रकरणे

नाशिकच्या एका माध्यमिक शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी हात जोडले नाहीत. तो उभा राहात असे, शिस्त पाळत असे, फक्त हात जोडत नसे. एवढ्यावरून त्याची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली गेली. तो मुंबई हायकोर्टात गेला, आणि २०१३ साली त्याच्या बाजूने निकाल लागला. हात जोडण्याची सक्ती करणे हे मूलभूत हक्कांविरुद्ध आहे, असे कोर्टाने सांगितले. एकटा माणूस, पण घटना त्याच्या पाठीशी उभी राहिली.

दुसरे प्रकरण मे २०२४ चे. राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. त्यात मनुस्मृतीतील एक श्लोक घेतला होता, आणि गीता व मनाचे श्लोक यांच्या पाठांतराची सूचना होती. ज्या मनुस्मृतीचे दहन २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडलाच झाले, ती शंभर वर्षे भरत आली असताना शाळेच्या कागदात येते, यावर राज्यभर गदारोळ उठला. मनुस्मृती पाठ्यपुस्तकात येणार नाही असे मंत्र्यांना सांगावे लागले. असे मसुदे हरकतींसाठी खुले असतात. आपल्यातील किती जणांनी लेखी हरकत पाठवली? आम्हीही पाठवली नाही, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. मोर्चाला जाणे सोपे, अर्ज लिहून पोच घेणे अवघड.

अभ्यास वेगळा, उपासना वेगळी

इथे कुणी विचारील, मग शाळेत बुद्धाचे नावच काढायचे नाही काय? तसे मुळीच नाही. २००२ साली सुप्रीम कोर्टाने सांगितले आहे की, धर्मांविषयी माहिती देणे आणि धर्माची शिकवण देणे यांत फरक आहे. संविधान सभेत बाबासाहेबांनीही हा फरक मान्य केला होता. आपल्याजवळचेच उदाहरण घ्या. कराडजवळ आगाशिवच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. गुरुजींनी मुलांची सहल तिथे नेली, ही लेणी कुणी कोरली, इथे भिक्खू कसे राहात, दगडात चैत्य कसा घडवला हे सांगितले, तर तो अभ्यास झाला. तो सर्व मुलांनी करावा. पण 'आता सारे हात जोडा' म्हटले की ती उपासना झाली. मग ती आपली असली तरी सरकारी शाळेत तिला जागा नाही. तसेच संत तुकारामांचा अभंग मराठीच्या पुस्तकात धडा म्हणून यावा, येशूचे, पैगंबरांचे चरित्र इतिहासात यावे. त्याला आमची ना नाही.

एका तरुणाने आणखी एक शंका काढली होती. राष्ट्रध्वजावर अशोकचक्र आहे, मग भिंतीवर त्रिसरण का नको? त्याचे उत्तर असे की, ध्वजावरचे चक्र हे देशाच्या इतिहासाचे चिन्ह आहे. त्यापुढे 'मी शरण जातो' असे कुणालाही म्हणावे लागत नाही. त्रिसरण मात्र ज्याने त्याने स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या मनाने घ्यायचे असते. सक्तीने म्हणवलेले सरण हे सरण नव्हे. ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून मान्य करू नका, पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. त्या बुद्धाची वचने पोरांवर सकाळच्या घंटेबरोबर लादणे, हे आम्हांला तरी धम्माचे वाटत नाही.

आम्ही काय केले?

पुढच्या बैठकीत हे सारे वाचून दाखवले. वाद झाला, नाही असे नाही. "म्हणजे त्यांनी लावायचं आन् आपुन गप बसायचं?" असेही एकजण म्हणाला. प्रश्न रास्त होता. म्हणून गप्प बसायचे नाही, असेच ठरले. पहिला अर्ज मागे घेतला आणि दुसरा लिहिला. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या भिंतीवर कोणत्याही धर्माचा मजकूर असू नये, आपलाही नको, आणि कोणत्याही मुलाला हात जोडण्याची सक्ती होऊ नये, अशी मागणी त्यात केली. खाली अठ्ठाविसाव्या कलमाचा उल्लेख केला. अर्जावर तात्यांनी पहिली सही केली.

वर्गणी जमलीच होती. त्यातून संविधानाची उद्देशिका मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून घेतली व शाळेला दिली. उद्देशिकेचे वाचन शाळेत व्हावे असा शासनाचा निर्णय २०१३ सालीच झाला होता, आणि २६ जानेवारी २०२० पासून ते सकाळच्या परिपाठात घ्यावे असे पुन्हा सांगण्यात आले. म्हणजे आम्ही काही जगावेगळे केले नाही. बोर्डाखाली 'सौजन्य' म्हणून विहाराचे नाव घालावे की नाही, यावर मात्र अर्धा तास चर्चा झाली. शेवटी नाव घातले नाही. ती भिंत सर्वांची, मग पाटीही सर्वांची.

भिंतीवरचे श्लोक अजून आहेत. ते आम्ही होऊन पुसणार नाही. ज्यांनी ते लिहिले तेही आपल्याच गावचे लोक आहेत, उन्हाळ्यात एकाच टँकरवर आपली घागर लागते. त्यांना समजावून सांगायचे आहे की, तुमच्या श्लोकाशी आमचे वैर नाही. तो तुमच्या घरी, तुमच्या देवळात खुशाल असू द्या. शाळेत मात्र तुमचे पोर आणि आमचे पोर एका रांगेत उभे राहते, तिथे दोघांनी मिळून म्हणता येईल तेवढेच असू द्या. अर्जाचा पाठपुरावा चालू आहे आणि तो चालू ठेवू.

आता उरला त्या पोरीचा प्रश्न : आई, आपला देव कोणता? बांधवांनो, या प्रश्नाचे उत्तर शाळेने द्यायचे नाही, ते आपण द्यायचे आहे. आपल्या मुलांना बाविस प्रतिज्ञांपैकी किती येतात? पंचशीलाचा अर्थ किती जणांना सांगता येतो? विहार वर्षातून चार दिवस भरायचे आणि धम्म शिकवण्याची अपेक्षा सरकारी भिंतीकडून ठेवायची, हे कसे चालेल? म्हणून दर रविवारी सकाळी विहारात मुलांचा वर्ग सुरू केला आहे. पहिल्या रविवारी सात मुले आली. त्यांत ती पोरगी होती, आणि तिची आई दारात उभी राहून ऐकत होती. आम्ही तिला आत बोलावले.

या वर्धापनदिनी आमची एवढीच विनंती आहे. रविवारी आपली मुले विहारात पाठवा, आणि सोमवारी शाळेत उद्देशिका म्हटली जाते की नाही ते विचारून या. दोन्ही कामे आपलीच आहेत.

जयभीम! नमो बुद्धाय!